मावशींच्या छतातली कडी

मुलांनो, हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, आणि मलाही जड गेलं नसतं. जन्मभर मी शाळेत इंग्रजीच शिकवलं. पण यातली माणसं इंग्रजीत बोलायला लागली तर माझी मलाच ओळखू येणार नाहीत. म्हणून मराठीत लिहिते आहे. अडलं तर आईला विचारा. तिला यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं आम्ही तेव्हा तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

आत्ताच लिहायचं कारण थोरलीला ठाऊक आहे. गेल्या रविवारी तिने फोनवर मला तिच्या नव्या घराचं छत दाखवलं. एवढ्या नावाजलेल्या कंपनीने बांधलेलं घर, किल्ल्या हातात येऊन महिना झाला नाही, आणि झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात पिवळट डाग. कंपनीचा माणूस पाहून गेला आणि म्हणाला, नवीन घरात असं होतंच, रंगाचा एक हात मारून देऊ. "आजी, मी उगाच घाबरते आहे का?" असं तू विचारलंस. मी म्हटलं, लिहून कळवते. कारण ते वाक्य मी अगदी त्याच सुरात बदलापूरला ऐकलं होतं, आणि तेव्हाही प्रश्न तुझाच होता. तू फक्त जन्माला आलेली नव्हतीस.

क्रमाने सांगते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहत होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी पुढे फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना मिळाल्या. त्यांतल्या एका बराकीतली लांबट खोली आम्ही भाड्याने घेतली होती. मागे पत्र्याचा आडोसा करून स्वयंपाकघर, आणि संडास सगळ्या रांगेला मिळून. घरमालकिणीला मी अदी म्हणायचे, म्हणजे त्यांच्या भाषेत बहीण, आणि ती मला टीचर म्हणायची. तुमचे आजोबा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. तुमच्या आईचं लग्न त्याच खोलीतून झालं. तेव्हा वऱ्हाड अदीच्या घरात उतरलं होतं, म्हणून निभावलं.

लग्नानंतर वर्षभरातच आईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुमच्या पणजीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या दृष्टीने ठरलेलंच होतं. पण त्या खोलीत आम्ही तिघं आधीच एकमेकांच्या पायात होतो. बाळंतीण कुठे निजवायची, पाळणा कुठे टांगायचा? सुदैवाने बदलापूरला, बेलवलीत, आम्ही एक घर घेऊन ठेवलं होतं आणि ते पुरं होत आलं होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पहिला मजला. बिल्डर मोठा होता. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत त्याच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्याच्या ऑफिसात आमच्या इमारतीची थर्माकोलची प्रतिकृती काचेखाली ठेवलेली होती, भोवती हिरवी झाडं, दारात एक लाल मोटार. सासूबाईंनी ती वाकून पाहिली आणि आपली खिडकी कोणती ते विचारून घेतलं.

आषाढी एकादशी झाली की चातुर्मास लागतो आणि वास्तुशांतीला मुहूर्त मिळत नाही. हे आम्हाला ठाऊक होतं, तसं बिल्डरलाही ठाऊक होतं. शेवटचे मुहूर्त तोंडावर आले तेव्हा त्याने चाव्या वाटल्या. मग आम्ही सगळ्यांनी घर तपासण्याऐवजी गुरुजी शोधले. कुणाचं दार लागत नव्हतं, कुणाच्या न्हाणीघराचा उतार उलटा होता, आमच्या खिडकीची कडी लागायला दोन माणसं लागत. पण सह्या सगळ्यांनी केल्या. मुहूर्त गेला तर दिवाळीपर्यंत घरात पाऊल टाकता येणार नाही, ही एकच भीती सगळ्या इमारतीत होती.

निघताना मी अदीला खोलीची चावी द्यायला गेले. तिने ती घेतली, पण दुसरा भाडेकरू ठेवायला मात्र तयार होईना. "कमरा तेरा ही है, टीचर. नये घर में दो-चार महीने सो के देख, फिर चाबी देना," म्हणाली आणि चावी पुन्हा माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, हिला आमचा लळा आहे म्हणून असं बोलते.

वास्तुशांतीच्या दिवशी होम झाला, बलिदान झालं. शेवटी वास्तुपुरुष पुरायचा असतो. घराच्या आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून त्याची छोटी प्रतिमा त्यात पालथी ठेवतात, वर पाणी, धान्य वगैरे घालून खड्डा बंद करतात. फ्लॅटमध्ये खड्डा कुठला? कोपऱ्यातली एक लादी उचलायची. आमचा आग्नेय कोपरा आतल्या खोलीत आला, जी आम्ही बाळंतिणीसाठी ठरवली होती. गवंडी बोलावलेला होताच. त्याने लादीच्या कडेला छिन्नी लावली, तर ठोका बसायच्या आधीच लादी हातात आली. खाली चिकटवायला काही नव्हतंच, नुसती कोरडी भुकटी. ती बाजूला सारून त्याने बोटाने जागा साफ केली. गुरुजींनी घाई केली आणि मंत्र म्हणत तांब्यातलं पाणी त्यात सोडलं.

पाणी साचलं नाही. आम्ही सगळे बघत होतो. ते जणू कुणी पिऊन टाकावं तसं खाली गेलं. गुरुजींनी आणखी थोडं घातलं. तेही गेलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक बाई उभ्या राहिल्या. साठीच्या आतबाहेर, हातात सूप, सुपात भिजलेले तांदूळ. त्या आमच्या अगदी खाली राहायच्या. ही इमारत ज्या शेतावर उभी होती ते त्यांचं. शेताच्या बदल्यात त्यांना तळमजल्यावर घर मिळालं होतं, आणि शेजारचा तुकडा अजून त्यांच्याच नावावर होता. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, तुमच्याकडं काय लवंडलं? पूजा तुमची आनि तीर्थ माझ्या तांदलात."

कुणाला हसावं की नाही कळेना. गवंड्याने छिन्नीच्या टोकाने तळ चाचपला, तर एक ढेकूळ सुटून खाली पडलं. त्या म्हणाल्या, आता काय पडलं ते बघते, आणि खाली गेल्या. आजोबा गुडघ्यांवर बसून भोकात डोकावले. त्यांना दोन गंजलेल्या सळया दिसल्या, त्यांच्यामध्ये सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा कोंबलेला तुकडा दिसला, आणि त्याच्या पलीकडे खालच्या घरातला उजेड. मग त्या उजेडात खालून एक चेहरा आला आणि वर बघू लागला. आजोबा उठले आणि पंच्याने हात पुसत राहिले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "इथे ती निजणार होती."

गुरुजींनी मार्ग काढला. प्रतिमा तांदळाच्या डब्यात ठेवा, देवघरात राहू द्या, जागा दुरुस्त झाली की पुरू. पंगत उठली. मावशींना (मी त्यांना तेव्हापासून मावशीच म्हणू लागले) सासूबाईंनी ताट वाढून दिलं. वास्तुपुरुष पालथा का ठेवतात, हे मावशींनी विचारून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे तुमचा देव दिवसभर माझ्याच घरात बघणार की.

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा कॅम्प चारला परतलो. चावी माझ्या पर्समध्येच होती. अदीने दार उघडलेलं पाहिलं आणि रात्रीच्या जेवणाला कढी-भात पाठवला. त्या बराकीच्या जाड भिंतींकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

पुढचे सगळे महिने बिल्डरच्या ऑफिसात खेटे घालण्यात गेले. मी चांगल्या इंग्रजीत पत्र लिहिलं. ते घेऊन गेलेल्या आजोबांना चहा मिळाला. अखेर एक सुपरवायझर आला. तरुण होता, अदबीने बोलत होता. "मॅडम, नवीन बांधकामात असं होतंच. प्लास्टर मारून देतो, काही दिसणार नाही," म्हणाला. आणि खरंच, खालून प्लास्टर मारल्यावर काही दिसेना. मी तांब्याभर पाणी आणून कोपऱ्यात ओतलं आणि थांबले. थोड्या वेळाने खालून मावशींची हाक आली, "आलं."

तो पुन्हा आला, पुन्हा प्लास्टर झालं. मी पुन्हा पाणी ओतलं. "आलं." तिसऱ्या वेळी त्याने कसलं तरी काळं औषध वापरलं, आणि त्या दिवशी मावशींची हाक जरा उशिरा आली एवढाच फरक पडला. इमारतीतली मुलं या खेळाला सरावली होती. माझ्या हातात तांब्या दिसला की जिन्यात बसून "आलं" म्हणायची वाट बघायची.

आईला यातलं आम्ही काही कळवलं नाही. पत्रात लिहायचो, घर छान आहे, थोडं काम राहिलंय. सासूबाईंची वेगळीच काळजी होती. गर्भारशीच्या घरात तोडफोड करायची नाही, खिळासुद्धा ठोकायचा नाही, हे त्यांचं मत पक्कं होतं. दिवाळी झाली की आई येणार. म्हणजे जे काही फोडायचं ते तिच्या आधी फोडून, बांधून, वाळवून झालं पाहिजे. नाहीतर ती सासरीच थांबेल किंवा बराकीत येईल. मला यातलं काहीच नको होतं. पण त्या सळयांच्या वर बाळंतिणीची खाट ठेवायची हे तर त्याहून नको होतं. भाद्रपद संपत आला तसा मला झोप लागेनाशी झाली.

मावशी एकदा वर आल्या आणि म्हणाल्या, दसऱ्याला शेठ येतोय. बिल्डरला त्या शेठ म्हणायच्या. शेजारच्या तुकड्यावर दुसरी इमारत उठणार होती आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर भूमिपूजन ठरलं होतं. पहिली कुदळ जमिनीच्या मालकाने मारायची असा तिकडे रिवाज. म्हणजे मावशींच्या यजमानांनी. शेठलाही ते हवं होतं, कारण त्या तुकड्याच्या कागदावर अजून सही व्हायची होती. "तुम्ही घरी ऱ्हा त्या दिवशी," एवढंच सांगून त्या गेल्या.

दसऱ्याला मंडप घातला होता. शेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला, बरोबर गावातली चार प्रतिष्ठित माणसं. मी आणि आजोबा मागे उभे होतो. पूजा झाली, नारळ फुटला, हळदकुंकू लावलेली कुदळ मावशींच्या यजमानांच्या हातात दिली. म्हातारबुवा ती धरून उभे राहिले. उचलली नाही. शेठ म्हणाला, "मारा, काका." त्यांनी मावशींकडे पाहिलं.

मावशी पुढे झाल्या आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "शेठ, आधी तिथलं भोक बुजवा. मंग हितं पाडू."

शेठला कळलं नाही. सुपरवायझरला कळलं, तो त्याच्या कानाशी लागला. शेठने हसून, बघून घेतो, माणूस पाठवतो, असं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मानूस तीनदा आला. तुम्ही या. बाई वरच्या, मी खालची. तुम्ही वर जा, मी खाली जाते." आणि त्या चालायलाच लागल्या. मंडपातली माणसंही उठून निघाली. शेठला यावं लागलं.

आतल्या खोलीत आजोबांनी कोपऱ्यातली लादी काढली, सुपरवायझरने भरलेलं बोटानेच उकरलं. शेठ उभ्यानेच बघत होता. मी म्हटलं, नीट बसून बघा, उभ्याने दिसणार नाही. एवढ्या माणसांसमोर त्याला नाही म्हणता येईना. तो त्या पांढऱ्या कपड्यांत गुडघ्यांवर बसला आणि डोकावला. खालून मावशींचा आवाज आला.

"शेठ, दिसते का मी?"

शेठ उठला तेव्हा त्याच्या गुडघ्यांवर लादीखालची भुकटी लागली होती, ती त्याने झटकली नाही. सुपरवायझरला म्हणाला, उद्यापासून हा सगळा भाग तोडा, सळया नव्या घाला, आणि नवा स्लॅब ओताल तेव्हा मी इथे असेन. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, इथे कोण राहणार होतं?" मी म्हटलं, "माझी बाळंतीण लेक." तो मान खाली घालून गेला. तो माणूस चांगला की वाईट हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पण शब्दाप्रमाणे आला, हे नोंदवते.

त्या दिवशी कुदळ पडली नाही. मंडप तसाच उभा राहिला.

पुढचे दिवस आमची आतली खोली म्हणजे नुसतं आभाळ होती, फक्त उलटं. मावशींच्या घरात उभं राहून वर पाहिलं की आमची खिडकी दिसायची. खाली टेकू लागले, फळ्या बसल्या, नव्या सळयांची जाळी बांधली गेली. सगळी बेलवली बघायला येत होती. काँक्रीटचा माल ओतायच्या सकाळी मावशी एक जुनी लोखंडी कडी घेऊन आल्या. गावातलं त्यांचं मूळ घर पाडलं तेव्हा काढून ठेवलेली. त्यांच्या सगळ्या मुलांचा पाळणा त्या कडीला होता. उद्या सुनेला लेकरू झालं की लागेल, म्हणून त्यांनी ती सळयांना बांधून घ्यायला लावली, तोंड खाली, त्यांच्या घरात. शेठ खुर्चीवर बसून होता. त्याने स्वतः उठून गाठ ओढून पाहिली.

दुसऱ्या दिवशी स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याची आळी केली आणि त्यांत पाणी भरून ठेवलं. नव्या स्लॅबला असं पाणी पाजावं लागतं. हे काम मी कुणाला दिलं नाही. शाळा सुटली की कॅम्प चारहून थेट बदलापूर गाठायचं, आळी भरायची, परत जायचं. पाणी आटत होतं, पण उन्हाने आटत होतं की खाली जात होतं, हे टेकू असेपर्यंत कळणार नव्हतं. दिवाळी जवळ येत होती. आईचं पत्र आलं की भाऊबीज झाली की निघते.

टेकू निघाले त्या दिवशी मी शेवटचं पाणी भरलं. नेहमीपेक्षा जास्त. मग कोपऱ्यात उभी राहिले आणि वाट पाहिली. जिन्यात मुलं येऊन बसली होती. खालून काहीच येईना. मला वाटलं मावशी घरात नाहीत. मी हाक मारली, तरी उत्तर नाही. शेवटी त्या सावकाश बोलल्या, बहुतेक छतावर हात फिरवत असाव्यात, स्टुलावर चढून.

"कोरडं हाय, बाई."

मी तिथेच आळ्याच्या कडेला बसले. पदर ओला झाला तो मला घरी गेल्यावर कळला. मुलं जरा नाराज होऊन पांगली.

नंतर सगळं भराभर झालं. गुरुजी आले आणि वास्तुपुरुष तांदळाच्या डब्यातून निघून आपल्या जागी पालथा झाला. म्हातारबुवांनी कुदळ मारली. दुसऱ्या इमारतीचा प्रत्येक स्लॅब ओतला गेला तेव्हा मावशी खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या. आमच्या इमारतीतल्या लोकांनीही मग घरोघरी छतं ठोकून पाहिली. आणखी दोन ठिकाणी पोकळ आवाज आला आणि त्याही जागा उघडून नीट करून घेतल्या. अदीला मी चावी दिली. तिने विचारलं, "सो के देखा?" मी म्हटलं, देखा.

आई आली. तिने खोली पाहिली, खिडकीत उभी राहिली, म्हणाली, किती मोठी आहे. पुढे थंडीच्या दिवसांत तुझा जन्म झाला, थोरले. बारशाची वेळ आली तेव्हा मी आमच्या छताला कडी लावून घ्यायचं म्हटलं. सासूबाई वर बघून म्हणाल्या, या छताच्या पोटात काय आहे ते कुणी पाहिलंय? ठोकून पाहिलं होतं, आवाज चांगला होता, तरी मी कडीचा विषय सोडला. मावशी तिथेच बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या छताच्या पोटात काय हाय ते सगल्या बेलवलीनं बघितलंय. खाली आना पोरीला."

म्हणून तुझं बारसं खालच्या घरात झालं, आणि ज्या कडीला आधी मावशींचं नातवंड यायचं होतं तिला तुझा पाळणा लागला. नाव कानात सांगताना मी वर पाहिलं. आमच्या घराची जमीन होती ती, आणि तिच्यात पालथा पडून वास्तुपुरुष तुझ्याकडे बघत होता. मला इतकं निश्चिंत त्या घरात त्याआधी वाटलं नव्हतं. तीन वर्षांनी धाकट्याचाही पाळणा तिथेच लागला.

तर तू उगाच घाबरत नाहीस. डाग रंगवू देऊ नकोस. तो कोपरा उघडायला लाव आणि उघडतील तेव्हा स्वतः समोर बस. वर कोण राहतं, खाली कोण राहतं, त्यांची ओळख करून घे.

मावशी आणि अदी आता नाहीत, आजोबाही नाहीत. इमारत उभी आहे. तळमजल्यावर मावशींचा मुलगा राहतो, आणि त्याच्या आतल्या खोलीच्या छतात ती कडी अजून आहे.